शेत रयतेचं, पगार फौजेचा

विदर्भातल्या जुन्या घरांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: 'आमच्या पूर्वजांना लढाईत पराक्रम केला म्हणून गावं इनाम मिळाली होती.' यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात लग्नाच्या मांडवात बसलं की निदान एक तरी माणूस हे सांगणारा भेटतो. गावांचा आकडा पिढीगणिक थोडा वाढतो, पण ते चालायचंच. मला त्या आकड्यापेक्षा 'मिळाली' या शब्दाचं कुतूहल जास्त आहे. गाव मिळालं म्हणजे काय मिळालं? त्या गावात आधीपासून कुणबी, माळी, गोंड, कोलाम राहत होते, नांगरत होते. घोड्यावरून आलेल्या माणसाला सनद मिळाली तेव्हा त्यांच्या शेताचं काय झालं?

थोडक्यात उत्तर असं, की शेतं जिथल्या तिथेच राहिली. शिपायाला मिळाला तो शेताचा सारा. तोही पुष्कळदा सगळा नाही, ठरलेला हिस्सा. बक्षीस म्हणून तर क्वचितच, बहुतेक वेळा पगार म्हणून. यवतमाळच्या मातीचा चारेकशे वर्षांचा इतिहास या एका व्यवहाराभोवती फिरतो, आणि त्यात शेवटी अशी वेळ आली की एकेक गाव बाजूला राहून अख्खा वऱ्हाडच एका फौजेच्या पगाराला लावून दिला गेला.

सुरुवात मोगलांपासून करू. वऱ्हाड १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून अकबराकडे गेला. 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची जी मोजदाद आहे, तिच्यात कळंब हे सरकारचं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यासारख्या विभागाचं ठाणं आहे. आजचं यवतमाळ तिथे 'योत-लोहारा' या परगण्याच्या नावात सापडतं. लोहारा अजून शहराला लागून आहे. दक्षिणेकडचा पुसद, उमरखेडचा भाग माहूरच्या सरकारात होता. प्रत्येक परगण्यापुढे महसुलाचा आकडा आहे, आणि तो रुपयांत नाही, दामांत आहे. चाळीस दामांचा एक रुपया.

दामांतला हा आकडा कशासाठी? मनसबदाराचा पगार त्यातून भागवायचा म्हणून. अमुक इतके स्वार बाळगणाऱ्या सरदाराला इतके दाम पगार, आणि तेवढ्या दामांची जमाबंदी असलेला परगणा त्याच्या नावे. ही तनखा जहागीर. तनखा म्हणजे पगार. जमीन त्याची होत नसे. साधारण काही वर्षांनी त्याची बदली होई आणि दुसरा सरदार त्याच गावांवर येई. तो आज आहे, उद्या नाही. त्यामुळे विहीर खणावी, पडीक मोडावं, दुष्काळात सूट द्यावी यात त्याला फारसा रस नसे. हाती आहे तोवर वसूल करावं, हे त्याच्या हिशेबाला धरूनच होतं. लबाडी टाळायला बादशाही यंत्रणेने घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांची चेहरेपट्टी लिहून ठेवण्याची पद्धत आणली होती. तरी उसने घोडे आणून हजिरी भरणारे होतेच. पगार शंभर स्वारांचा आणि प्रत्यक्षात पन्नास, ही युक्ती फार जुनी आहे.

शिवाजी महाराजांना या पद्धतीचा धोका दिसला होता. फौजेला गावं तोडून द्यायची नाहीत, रोख किंवा खजिन्यावर वरात, हे त्यांचं धोरण. सभासदाच्या बखरीत ते आलं आहे. गाव हातात आलं की शिपाई तिथे वाडा बांधतो, गढी उभारतो, आणि दुसऱ्या पिढीत तो राजाचा नोकर न राहता गावाचा मालक होतो, ही त्यामागची भीती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांविषयीचा हाच सावधपणा आहे. पण औरंगजेब दक्षिणेत उतरला, राजाराम महाराज जिंजीला गेले, खजिना रिकामा झाला, आणि धोरण उलटलं. जो मोगली मुलूख मारून काढेल त्याला त्या मुलखाचा सरंजाम. पैसा नसलेल्या राजाला लढाई चालू ठेवायला दुसरा मार्गही नव्हता. त्याला दोष देणं मला तरी योग्य वाटत नाही.

याच वाटेने भोसले वऱ्हाडात आले. परसोजी भोसल्यांना राजाराम महाराजांच्या काळात सेनासाहेबसुभा हा किताब आणि वऱ्हाड, गोंडवनाचा अधिकार मिळाला. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा खानदेशात त्यांना येऊन मिळालेल्या पहिल्या मोठ्या सरदारांत परसोजी होते. शाहूंनी त्यांचा अधिकार कायम केला. हे सगळं सनदेवर होतं. जमिनीवर मात्र वऱ्हाडात मोगलांचे अंमलदार होते आणि पुढे निजाम. म्हणजे भोसल्यांना मिळालं ते राज्य नव्हे, दुसऱ्याच्या राज्यातून वसूल करण्याचा हक्क.

१७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आल्यावर हा हक्क कागदावर पक्का झाला. त्याची वाटणी बघण्यासारखी आहे. शंभर रुपये साऱ्यावर पंचवीस रुपये चौथ. त्या चौथीचे पुन्हा शंभर भाग करायचे. पंचवीस भाग बाबती, ती राजाची. सहा भाग साहोत्रा, तीन भाग नाडगौडा. उरलेले सहासष्ट भाग मोकासा, आणि हा मोकासा सरदाराच्या फौजेच्या बेगमीला. म्हणजे कळंबच्या एखाद्या शेतकऱ्याने शंभर रुपये भरले तर त्यातले साडेसोळा रुपये मोकासदाराच्या घोड्यांना. वर घासदाणा आणि सरदेशमुखी वेगळी. एकाच शेतावर एवढ्या जणांची नावं, आणि त्यात ते कसणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

परसोजींचे पुत्र कान्होजी भोसले यांनी आपलं ठाणं केलं ते आजच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या भामला. नागपूरकर भोसल्यांचा इतिहास सांगताना आपण थेट नागपूर गाठतो, भाम मागेच राहतं. पण सैनिकी सनदेचा व्यवहार कसा चालायचा आणि कुठे मोडायचा, हे समजून घ्यायला भामइतकी चांगली जागा नाही. कान्होजी बरीच वर्षं सेनासाहेबसुभा होते. हळूहळू साताऱ्याशी त्यांचं बिनसत गेलं. हिशेबाच्या तक्रारी झाल्या, परवानगीशिवाय दरबारातून निघून जाणं झालं, आणि निजामाकडे वळण्याचा संशयही आला. शिवाजी महाराजांची भीती दुसऱ्या पिढीत शब्दशः खरी झाली म्हणायची.

शाहूंनी मग कान्होजींच्याच घरातला माणूस निवडला. रघूजी भोसले, बिंबाजींचा मुलगा, कान्होजींचा पुतण्या. हा काही काळ चुलत्याजवळ भामला होता, बिनसल्यावर बाहेर पडला, आणि पुढे साताऱ्यात शाहूंच्या मर्जीत आला. शिकारीतलं धाडस आणि शिर्क्यांच्या घरची सोयरीक, दोन्हीचा त्याला उपयोग झाला. सेनासाहेबसुभा पदाची वस्त्रं देताना शाहूंनी त्याच्याकडून कबुली लिहून घेतली. ग्रँट डफने तिच्या अटी दिल्या आहेत. पाच हजार घोडदळ सरकारच्या नोकरीसाठी कायम ठेवायचं. वर्षाला नऊ लाख रुपये भरायचे. घासदाणा सोडून इतर खंडणी आणि लुटीतला अर्धा वाटा राजाकडे द्यायचा. गरज पडली तर दहा हजार स्वार उभे करून पेशव्यांबरोबर मोहिमेवर जायचं.

ही कबुली मी पुन्हा पुन्हा वाचतो. तिच्यात पराक्रमाची स्तुती नाही, बक्षिसाची भाषा नाही. आजच्या एखाद्या ठेकेदाराच्या करारनाम्यासारखी ती कोरडी आहे. इतके घोडे, इतका भरणा, इतक्या दिवसांत हजर. 'इनाम मिळालं' म्हणणाऱ्या घरांनी हा कागद एकदा तरी वाचावा असं मला मनापासून वाटतं. अपमान करायचा म्हणून म्हणत नाही. आपल्या पूर्वजांनी किती अवघड अटी मान्य केल्या होत्या, हे त्यातून कळतं.

रघूजींनी भामवर चाल केली. कान्होजी निसटले, पण वणीजवळच्या मंदर गावी त्यांना गाठून लढाईत पकडण्यात आलं. पुढचं आयुष्य त्यांनी साताऱ्याला कैदेत काढलं. हे सगळं १७३० नंतरच्या थोड्या वर्षांतलं. सनदेची अट मोडली म्हणून चुलत्याला पुतण्याने, त्याच सनदेच्या नव्या प्रतीवर, यवतमाळच्या रानात पकडलं. रघूजींनी पुढे नागपूर घेतलं, बंगालपर्यंत फौजा नेल्या, आणि भाम ओस पडलं.

या काळात इथल्या गावांवर दोन अंमल होते. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम दक्षिणेत स्वतंत्र झाला होता, आणि भोसल्यांचे कमाविसदारही वसुलीला येत होते. दोअमली म्हणतात ती हीच. एकाच खळ्यावर दोन शिपाई उभे. दोघांच्याही हातात कागद, आणि दोघांचेही कागद खरे. १८०३ मध्ये आडगाव आणि गाविलगडच्या पराभवांनंतर देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. यवतमाळची पूर्व सीमा आजही ती नदीच आहे. दोअमली संपली. रयतेला वाटलं असेल, आता एकच शिपाई येईल.

एकच आला. पण त्याच्या पगाराचं प्रकरण आधीच्या सगळ्यांना मागे टाकणारं निघालं.

हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास निजामाच्या खर्चाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक कवायती फौज उभी केली. ती रसेल ब्रिगेड. तिच्यातून आणि निजामाच्या इतर कवायती पलटणींमधून पुढे हैदराबाद कंटिंजंट झाली. हिंगोली, एलिचपूर, जालना, औरंगाबाद इथे तिच्या छावण्या होत्या, आणि पुसद, उमरखेडला जवळची हिंगोली. १८१९ च्या जानेवारीत पैनगंगेपलीकडे नोव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईकांचा बंड मोडला तो याच निजामी कवायती फौजेने, मेजर पिटमनच्या हाताखाली. नौसाजी हटकर नाईक. त्या डोंगराळ सरहद्दीवर पिढ्यानपिढ्या शस्त्र बाळगून राहिलेल्या समाजातले. जुन्या पद्धतीचा शिपाई आणि नव्या पद्धतीचा पलटणीतला शिपाई तिथे समोरासमोर आले, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

कंटिंजंटचा हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाचा. पगार थकला की सावकार पुढे येत. आधी पामर आणि कंपनी, नंतर पेस्तनजी विकाजी. ते शिपायांना पैसे देत आणि बदल्यात वऱ्हाडच्या परगण्यांचा वसूल लिहून घेत. शेतकऱ्याच्या कापसावर आता सरदाराऐवजी पेढीचा मुनीम हक्क सांगू लागला. सावकारही थकले, तेव्हा कंपनी सरकारने स्वतः पगार भागवायला सुरुवात केली आणि रक्कम निजामाच्या नावे लिहिली. १८५३ पर्यंत हे कर्ज पन्नास लाखांच्या घरात गेलं. गव्हर्नर जनरल डलहौसी, रेसिडेंट कर्नल लो, आणि सही करायला अजिबात राजी नसलेला निजाम नासिरुद्दौला. २१ मे १८५३ रोजी तह झाला.

या तहात कंटिंजंटची संख्या लिहिलेली आहे: पाच हजारांहून कमी नाही इतकं पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या. तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे प्रांत कंपनीच्या ताब्यात. मालकी निजामाची, वसूल कंपनीचा, खर्च फौजेचा, आणि काही उरलंच तर ते निजामाला. रघूजींची कबुली आणि हा तह शेजारी ठेवून पाहिले की मला हसू येतं. मधे सव्वाशे वर्षं गेली, मोडी जाऊन इंग्रजी आली. व्यवहार तोच. मुलूख फौजेच्या बेगमीस. फरक एवढाच की कान्होजीला हिशेब दिला नाही म्हणून पकडता आलं. इथे हिशेब ठेवणारा आणि फौज बाळगणारा एकच होता, त्याला कोण पकडणार? गंमत म्हणजे याच तहात अप्पा देसायांची चौथ आणि काही मराठा पेन्शनी या वसुलातून द्यायच्या असंही कलम आहे. चौथ कागदावरून अजून गेली नव्हती.

चारच वर्षांनी १८५७ उजाडलं. कंटिंजंट इंग्रजांच्या बाजूने राहिली. तिच्या तुकड्या ह्यू रोजच्या फौजेत सामील होऊन मध्य भारतात गेल्या, झाशी आणि काल्पीच्या मोहिमांत होत्या. झाशीच्या तटावर चालून गेलेल्या या शिपायांचा पगार दारव्हा, पुसद, वणीच्या शेतांमधून निघत होता, हे आपल्या शाळेतल्या इतिहासाने कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही म्हणूनही असेल.

१८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दोआब निजामाला परत गेले, पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड मात्र कंटिंजंटसाठी ठेवून घेतला, वार्षिक बत्तीस लाखांचा मुलूख धरून. लगेच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापसाला सोन्याचा भाव आला, आणि वऱ्हाडचा वसूल त्या अंदाजाच्या खूप पुढे गेला. फौज मात्र तेवढीच. दिवाण सालारजंग यांनी १८७० नंतर वऱ्हाड परत मागण्याचा सपाटा लावला. फौजेच्या खर्चापुरती रोख रक्कम तुमच्याकडे ठेवतो, मुलूख सोडा, असा त्यांचा प्रस्ताव. मला तो अगदी सरळ वाटतो. सरंजामाचं तत्त्व मान्य केलं तर पगाराची दुसरी सोय झाल्यावर सरंजाम परत जायला हवा. पण लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरवणारा मुलूख असा कोण सोडतो? १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड पिळून निघाला, आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अलीखान यांच्याकडून कायमचा पट्टा लिहून घेतला. वर्षाला पंचवीस लाख रुपये खंड. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. जिच्या पगारासाठी मुलूख घेतला ती फौज संपली, मुलूख परत गेला नाही.

त्या फौजेचं नाव मात्र टिकलं. तिची एक पलटण ९६ वी बेरार इन्फंट्री झाली, मग हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली, आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचं नाव कुमाऊँ झालं. कुमाऊँच्या दुसऱ्या पलटणीच्या नावात 'बेरार' हा शब्द आहे. हिमालयातल्या तरुणांच्या पलटणीत वऱ्हाड कुठून आला, तर असा.

तोवर जिल्ह्यात, ज्याचं वूण हे नाव १९०५ मध्ये बदलून यवतमाळ झालं, जमिनीची व्यवस्था पार बदलली होती. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली, कसणाऱ्याला खातेदार म्हणून नोंदलं गेलं. जुन्या जहागिरींच्या सनदा तपासल्या. ज्यांच्या टिकल्या त्यांची गावं चालू राहिली, पण घोडे बाळगण्याची अट गेली. नोकरी संपली, पगार चालू. पराक्रमाबद्दलच्या इनामाची घरगुती आठवण मुख्यतः या काळात तयार झाली असावी, असं माझं मत आहे. अटच उरली नाही तेव्हा पगाराला बक्षीस म्हणणं सोपं झालं. शेजारी इजाऱ्याची गावं होती. १८६५ च्या पडीक जमिनींच्या नियमांनी सबंध गावं पट्ट्याने दिली गेली, आणि जिल्ह्यातल्या गावांच्या नावांमागे 'इजारा' आजही लागतो. मध्य प्रदेश सरकारच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून जहागिरी, इजारे, पालमपट सगळंच संपलं.

शिपायाला खरोखर शेत देण्याची गोष्ट त्यानंतर सुरू होते. पहिल्या महायुद्धानंतर पंजाबच्या कालव्यांवर सैनिकांना जमिनी मिळाल्या होत्या. आपल्याकडे ही सोय सरकारी नियमांत आली ती स्वतंत्र भारतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या सरकारी जमीन विल्हेवाट नियमांत शेतजमीन देताना आजी-माजी सैनिकांना प्राधान्य आहे. अशी जमीन भोगवटादार वर्ग दोनची. सातबाऱ्यावर 'नवीन व अविभाज्य शर्त' लिहून येते, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. इथे प्रथमच शिपाई आणि कसणारा एकच माणूस आहे. त्याच्या हातात नांगर आहे, दुसऱ्याच्या नांगराचा हिस्सा नाही. ही जमीन मागणारा सैनिकही बहुतेकदा कुणब्याचा, बंजाऱ्याचा, बौद्धाचा मुलगा असतो, ज्याच्या आजोबाने दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून काढलेली असतात.

पण ही जमीन आणायची कुठून? विदर्भात ज्याला ई-क्लास म्हणतात, त्या गावच्या सरकारी पडितातून. ते पडीत नकाशावर मोकळं दिसतं. प्रत्यक्षात त्यावर गावातल्या भूमिहीनांनी कधीचे बांध घातलेले असतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते अशाच जमिनींसाठी. १९७८ मध्ये शासनाने काही अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय घेतला, पण तो ठरावीक वर्षांपुरता. जे त्या वर्षांच्या बाहेर पडले ते अजून अतिक्रमकच.

म्हणून माजी सैनिकाचा अर्ज तहसिलीत पोचला की तलाठ्याला दोन कागद काढावे लागतात. एक गट नंबरचा सातबारा, ज्यावर 'सरकार' एवढंच लिहिलेलं असतं. दुसरा गाव नमुना एक-ई, अतिक्रमणांची नोंदवही. तिच्यात त्याच गट नंबरपुढे कसणाऱ्याचं नाव असतं, किती हेक्टर आर, कोणत्या सालापासून, आणि पीक. पिकाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी कापूस, नाहीतर तूर.